पाठीवरच्या तीन लाथा

बाबा, धाकट्याच्या पोटात तेच निघालं. तुमच्या पोटात होतं तेच. मुतखडा असेल म्हणून गेल्या महिन्यात त्याला मुलुंडला सोनोग्राफीला नेलं होतं. त्याच्या बायकोला रजा नव्हती, म्हणून मी, त्याची ताई, बरोबर. तो शर्ट वर करून टेबलावर पडलेला आणि मी स्टुलावर, फाईल मांडीवर घेऊन. मशीन फिरवणारी डॉक्टर मुलगी आधी छान बडबडत होती, काका श्वास घ्या, काका सोडा. मग तिचा हात बेंबीच्या जरा वर थांबला, पुन्हा खाली गेला, पुन्हा वर आला. "काका, तुमच्या घरात कोणाला पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा त्रास होता का? वडिलांना वगैरे?" धाकटा हसला. "छे हो, वडील हार्ट अटॅकने गेले. मी दहावीत होतो. ना गं ताई?" समोरच्या पडद्यावर एक काळा गोळा होता, आणि तो ठोक्यागणिक फुगत होता. बासष्ट वर्षांची बाई मी, दोन नातवंडांची आजी, आणि काय म्हणाले माहितेय? "हो," म्हणाले. फाईल घट्ट धरून बसले आणि हो म्हणाले.

त्या दिवसापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. तर आज लिहूनच काढते. कांजूरच्या आपल्या खोलीपासून सुरू करते, कारण सगळं तिथेच झालं. मी पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, आणि सुईण घाबरली तरी तुम्ही म्हणे गावभर साखर वाटलीत, कारण पायाळू माणसाच्या पायाला गुण असतो. उसण भरली, पाठ धरली की पायाळूने पाठीवर लाथ मारायची, की माणूस बरा. गावाकडचं हे खूळ तुम्ही चाळीत आणलंत. मी सहा वर्षांची असल्यापासून रविवारी सकाळी आपल्या दाराशी माणसं यायची. कोणी पाटा उचलताना लचकलेली, कोणी फॅक्टरीत पेटी उचलताना. तुमचे नियम ठरलेले. माणसाने उपाशीपोटी यायचं, उंबऱ्याकडे डोकं करून पालथं पडायचं, मी डाव्या पायाने तीनदा मारायचं, आणि त्याने मागे वळून न बघता जायचं. काही द्यायचं नाही, आभार मानायचे नाहीत. मला शरम वाटायची हो. पण एवढे मोठाले बाप्ये माझ्यासमोर पालथे पडायचे आणि तुम्ही बाजूला छाती काढून उभे राहायचात, त्याची मजाही वाटायची. कॉलेजात गेल्यावर मी म्हटलं, बास झालं आता. तर तुम्ही म्हणालात, "देवान दिलेला नाकारू नये गो." मग काय, पदवीधर बाई रविवारी लाथा मारतेय.

तुम्ही भांडुपच्या फॅक्टरीत बॉयलरवर होतात. सगळा दिवस प्रेशरच्या काट्यावर नजर. घरी आलात तरी कुकरची शिट्टी झाली की मान वळायची तुमची, आणि आई ओरडायची, "अहो, भात आहे तो, तुमचा बॉयलर नाही." अंगाने काटकुळे, बिडी सतत, आणि तक्रार म्हणाल तर शून्य. त्या हिवाळ्यात मात्र तुमची पाठ दुखायला लागली. कंबरेच्या वर, आतून. तुम्ही कामावरून आलात की चटईवर उताणे पडायचात आणि ट्रान्झिस्टर पोटावर ठेवून मॅच ऐकायचात. शेजारी नुकताच रंगीत टीव्ही आला होता, सगळी चाळ तिकडे, पण तुम्हाला ट्रान्झिस्टरच हवा. आणि एक दिवस धाकटा ओरडला, "ताई, बघ, बाबांचा रेडिओ नाचतोय!" खरंच नाचत होता. एरियल बाहेर काढलेली, आणि तिचं टोक सारखं थरथरतंय, एका लयीत, टुक टुक टुक. आम्ही किती हसलो! धाकट्याने एरियलच्या टोकाला कागदाचा झेंडा अडकवला. तुम्ही पण हसलात. आई म्हणाली, गॅस झालाय, ओवा खा. आम्हा चौघांपैकी एकालाही, एकालाही वाटलं नाही की माणसाचं पोट असं उडत नसतं. मरण झेंडा लावून समोर हलत होतं आणि आम्ही टाळ्या पिटत होतो.

पाठीसाठी अर्थातच मी होते. घरचीच पायाळू, रविवारची वाट कशाला बघायची? त्या हिवाळ्यात मी तुमच्या पाठीवर किती वेळा पाय ठेवला असेल, देव जाणे. आधी तुम्ही मला नमस्कार करायला लावायचात, बापाला पाय लागतो म्हणून. मी वाकून नमस्कार करते, तुम्ही पालथे पडता, मी तीन लाथा मारते, तुम्ही म्हणता, "बरा वाटला." दोन दिवस बरं. तिसऱ्या दिवशी पुन्हा कळ. शेवटी फॅक्टरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने तुमच्या पोटावर हात ठेवला आणि ठेवल्याबरोबर उचलला. भाजल्यासारखा. चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणाले, घरच्या कोणाला तरी घेऊन मोठ्या हॉस्पिटलात जा, आजच. तुम्ही आईला नाही सांगितलंत, मला घेऊन गेलात, कारण मला इंग्रजी वाचता येत होतं.

ते सर्जन मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. बुटके, चष्मा नाकावर घसरलेला, घाईत, पण आमच्याशी बोलताना बसून बोलले. तेव्हा सोनोग्राफी नवीन होती, त्या धुरकट फोटोतलं आम्हाला काही कळेना. म्हणून त्यांनी कागद घेतला आणि पेनने काढून दाखवलं. हृदयातून निघालेली मोठी नळी पाठीच्या कण्यापुढून खाली येते, बेंबीपाशी तिचे दोन फाटे होऊन एकेका पायात जातात. ती असावी अंगठ्याएवढी जाड. "तुमची इथे एवढी झालीय," म्हणत त्यांनी मूठ आवळून दाखवली. भिंत पातळ झालीय. बिडीने, वयाने, ब्लडप्रेशरने. दुखलं नाही तरी वाढत राहते. आणि फुटली तर? मी विचारलं. त्यांनी चष्मा काढला. "फुटली तर घरून इथे पोहोचेपर्यंत वेळ मिळत नाही, बेटा." मी तेवीस वर्षांची होते. माझ्या कानात नुसता शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. आणि तुम्ही? तुम्ही तो कागद हातात घेतलात, निरखून बघितलात आणि म्हणालात, "म्हणजे पाईपाक फुगो इलो. बॉयलर बंद करून तेवढो तुकडो कापूचो आणि नवो घालूचो." सर्जन खुर्चीत मागे रेलून हसले. म्हणाले, माझ्या विद्यार्थ्यांनासुद्धा एवढं पटकन कळत नाही. पोट उघडायचं, वर-खाली चिमटे लावून रक्त थांबवायचं, फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवायची. ऑपरेशन मोठं आहे, त्यातही माणसं जातात, लपवत नाही, म्हणाले. रक्त द्यायला माणसं जमवा, बिडी आजपासून बंद, वजन उचलायचं नाही, पोट चोळायचं नाही, दाबायचं नाही. पुढच्या आठवड्यात दाखल व्हा.

दाखल व्हा म्हणाले होते, बाबा! आणि तुम्ही हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरता उतरता माझ्याकडे वळून म्हणालात, इन्स्पेक्टर येऊन जाऊ दे. वर्षाची बॉयलरची तपासणी होती. बॉयलर थंड करायचा, आत शिरून सगळ्या नळ्या घासायच्या, एकेक ठोकून बघायची, आणि मग सरकारी इन्स्पेक्टर पास करणार. "माझ्याशिवाय कोणाक जमूचा नाय. तीन हप्ते." मी भर रस्त्यात ओरडले तुमच्यावर. जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, तिकडच्या नळ्या मोजताय आणि स्वतःची? तुम्ही शांतपणे म्हणालात, "आवशीक सांगू नको. झिलाची धावी होवंदे, मगे सांगया." आणि माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून माझ्याकडून शपथ घेतलीत, धाकट्याची दहावी होईपर्यंत आईला सांगणार नाही म्हणून. तुमचा मला अजूनही राग येतो त्या गोष्टीसाठी. फुगा आलेली नळी घेऊन बॉयलर चालवला असता का तुम्ही? एक दिवस तरी? काटा खाली आणून मालकाशी भांडला असतात. स्वतःचा मात्र चालू ठेवलात. बिडी मात्र त्या दिवसापासून बंद केलीत, एवढं मान्य करते.

तपासणीला चार दिवस होते आणि धाकट्याच्या पहिल्या पेपरला आठ. सकाळची सातची वेळ. आई नळावर, धाकटा मित्राकडे अभ्यासाला. मी वेणी घालत होते. तुम्ही मोरीतून आलात ते भिंत धरून. चेहरा घामाने ओला. "उसण भरली गो. जोरात." मी म्हटलं, चला, हॉस्पिटलात. तुम्ही म्हणता, ह्या ता न्हय, काल घासायच्या ब्रशांची पेटी उचलली ना, ती ही उसण. आणि उंबऱ्याकडे डोकं करून पालथे पडलातसुद्धा. पोटावर! मी म्हणतेय, डॉक्टर नको म्हणालेत ना. तुम्ही जमिनीशी गाल लावून म्हणताय, "डाक्टर पोटार म्हणालो. पाठीर खय म्हणालो? मार गो चेडवा, सोसवना नाय." सोसवत नाही असं तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मी तशीच उभी. हातात कंगवा. मग मी वाकून नमस्कार केला आणि मारल्या. एक. दोन. तीन. हळूच मारल्या हो, अगदी हळूच. तुम्ही उठून बसलात, म्हणालात, "बरा वाटला. च्या दी." मी कप दिला. अर्धा प्यायलात. मग कप खाली ठेवलात, नीट, बशीत, आणि म्हणालात, "काळोख कित्याक केलंस?" दार सताड उघडं होतं. ऊन तुमच्या मांडीवर आलं होतं. मी तुम्हाला धरलं तेव्हा तुम्ही पांढरे पडला होतात आणि पोट फळीसारखं झालं होतं. शेजारच्यांची टॅक्सी होती, तिच्यात घातलं. माझ्या मांडीवर डोकं. हॉस्पिटलचं फाटक दिसत होतं, तेव्हा तुमचा हात माझ्या हातात जड झाला.

मी मारलं. मी मारलं. टॅक्सीतून उतरताना माझ्या डोक्यात एवढंच होतं. मागाहून आई हॉस्पिटलात धावत आली, छाती पिटत विचारतेय, काय झालं गं, कसं झालं? आणि मी म्हणाले, हार्ट अटॅक. कुठून तो शब्द तोंडात आला कोण जाणे. हार्ट अटॅकला लाथ लागत नाही ना, म्हणून आला असेल. मृत्यूच्या सर्टिफिकेटवर खरं लिहिलेलं होतं, इंग्रजीत. ते मी पर्समध्ये ठेवलं, मग ट्रंकेच्या तळाशी, मग लग्नानंतर माझ्या कपाटात साड्यांच्या खाली. धाकट्याने डोक्याचे केस काढलेले आणि तसाच जाऊन पेपर दिले. पुढे रविवारी लोक आले तेव्हा मी सांगितलं, माझ्या पायाचा गुण गेला. बाप गेल्यावर जातो, असं ठोकून दिलं. लोकांना पटलं. त्यानंतर मी कोणाला पाय लावला नाही. माझी मुलं हसतात, आई पायपुसणंसुद्धा हाताने सरळ करते म्हणून.

आणि आता हे. सोनोग्राफीनंतर दोन रात्री डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी एकटी गेले त्याच्या सर्जनकडे. ही पण पोरगीच, माझ्या सुनेएवढी. सर्टिफिकेट तिच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, लाथांसकट. मला वाटलं ती हसेल नाहीतर पोलिसांना बोलवेल. ती म्हणाली, "काकू, त्या सकाळी अचानक कळ आली, घाम आला, ती उसण नव्हती. ते फुटायला लागलं होतं. रक्त आधी पाठीमागे झिरपतं, थोडा वेळ थांबल्यासारखं होतं, माणसाला बरंही वाटतं. तुम्ही पाय लावायच्या आधीच झालेलं होतं ते." मी मग विचारलं, तेव्हाच उचलून नेलं असतं तर? ती म्हणाली, तेव्हा फार थोडे वाचायचे, आजही सगळे वाचत नाहीत. आणि मग तिने सर्टिफिकेटवर बोट ठेवून, अजिबात आवाज न चढवता विचारलं, "पण हे तुम्ही भावाला का नाही सांगितलं? वडिलांना असलं की मुलांना होऊ शकतं. पन्नाशीलाच तपासून घेतलं असतं. सिगारेट तरी सोडायला लावली असती. मुतखड्याचा संशय आला म्हणून सापडलं, नाहीतर वडिलांसारखंच झालं असतं." अहो बाबा, माझ्या डोक्यावर कोणी तरी घण घातला असता तरी चाललं असतं. चाळीस वर्षं ज्या पायाला मी शिव्या घातल्या त्याने काही केलंच नव्हतं. आणि जे मी खरोखर केलं, त्याचा मला पत्ताच नव्हता. तुम्हाला माझ्या लाथेने मारलं नाही, पण धाकट्याला माझ्या तोंडाने मारलं असतं. त्याचं सिगारेटचं पाकीट दर महिन्याला माझ्याच हातून फेकून दिलेलं आहे मी, वर म्हणायची, सोड रे बाबा ते, खोकला होतो. खोकला!

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी हॉस्पिटलात गेले. धाकटा उताणा पडून मॅच ऐकत होता, मोबाईल पोटावर ठेवलेला. आणि तो मोबाईल हलत होता. टुक टुक टुक. मी दारातच थिजले. मग आत गेले, मोबाईल उचलून बाजूला ठेवला आणि सर्टिफिकेट त्याच्या हातात दिलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "ताई, हे तुला माहीत होतं?" हो. "तेव्हापासून?" हो. त्याचा चेहरा तुमच्यासारखा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "माझा पोरगा तिशीला आला गं. त्याला पण सांगायचं नव्हतं? का? का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुझी दहावी होती." मग त्याला हसू फुटलं, डोळ्यांत पाणी आणि हसू. "दहावी होऊन चाळीस वर्षं झाली यार, ताई!" नर्स येऊन रागावली, ब्लडप्रेशर वाढवू नका म्हणून.

ऑपरेशन कसं झालं सांगू? तुम्हाला पटायचं नाही. पोट उघडलंच नाही. जांघेतून, दोन्हीकडून, छत्रीसारखी मिटलेली नळी आत वर सरकवली आणि फुगलेल्या जागी उघडली. रक्त आता नव्या नळीतून जातं, जुन्या भिंतीवर जोर नाही. म्हणजे बॉयलर बंद न करता पाईप घातला, बाबा. तिसऱ्या दिवशी घरी आला आणि पेज खायला नको, सुरमई हवी म्हणून भांडला. दर वर्षी फोटो काढायचा, जन्मभर. सिगारेट बंद. भाच्याची पण तपासणी करून आणली, तो ठीक आहे, त्याने मला वर आईस्क्रीम चारलं. सर्टिफिकेट आता धाकट्याच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावलंय, तिथेच असायला हवं होतं ते. हे पत्र तिथे लावणार नाही. ते परत साड्यांखाली.

कारण काल काय झालं. त्याला भेटायला गेले होते. झोपून झोपून त्याची पाठ आखडलीय. मला बघितल्याबरोबर कूस बदलली, पाठ माझ्याकडे केली आणि लहानपणी करायचा तसा चेहरा करून म्हणाला, "ताई, तू पायाळू ना? मार की एक. बाबांना किती बरं वाटायचं!" सगळं सांगितलंय मी त्याला, बाबा, तुमचं दुखणं, सर्जन, बॉयलर, शपथ, सगळं. लाथांचं तेवढं नाही. मी म्हटलं, "थांब रे, गॅसवर दूध ठेवलंय, उतू जाईल," आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. गॅसवर दूध नव्हतं.